हाशिया आणि समास : चौकटीतील पट्टीच्या निवडीविषयी

१

कागदावरील चित्र किंवा छायाचित्र काचेखाली बसविताना चित्र आणि लाकडी चौकट ह्यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवण्याची प्रथा आहे. पुठ्ठ्याच्या मधोमध खिडकी कापलेली असते आणि तिच्यातून चित्र दिसते. तसबिरी करणारे कारागीर ह्या पुठ्ठ्याला 'माउंट' म्हणतात. क्वचित 'मॅट' हा शब्दही ऐकू येतो. चित्रसमीक्षेत मात्र त्याला रूढ नाव नाही, कारण समीक्षेने त्याचा विचारच फारसा केलेला नाही. ह्या उपेक्षेचे एक कारण उघड आहे. चित्र ग्रंथात छापले जाते तेव्हा ही पट्टी गाळली जाते, आणि चित्राविषयी लिहिणारा बहुधा छापील प्रतिकृती समोर ठेवून लिहितो. प्रत्यक्ष भिंतीवरील चित्र ज्या पट्टीतून पाहिले जाते, ती पट्टी त्याच्या लेखनात येण्याचा प्रसंगच उद्भवत नाही.

व्यवहारात ह्या पट्टीची निवड दुकानात उभ्या उभ्या होते. नमुन्याचे रंगीत कोपरे चित्राच्या एका कोनावर एकामागून एक ठेवून पाहिले जातात, 'हा उठून दिसतो' किंवा 'हा भिंतीला शोभेल' असे म्हटले जाते, आणि पाचदहा मिनिटांत प्रश्न निकालात निघतो. 'उठून दिसणे' आणि 'शोभणे' हे दोन्ही निकष सजावटीचे आहेत. वस्तुतः पट्टीची निवड हा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. चित्र कोठे संपते, त्यातील प्रधान काय आणि गौण काय, आणि ते कोणत्या परंपरेत वाचावयाचे, ह्या तीन प्रश्नांना प्रत्येक पट्टी काही ना काही उत्तर देत असते. निवडणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो, उत्तर दिले जातेच. म्हणून ह्या निवडीकडे समीक्षेची एक कृती म्हणून पाहणे, आणि समीक्षेला जे निकष लावले जातात तेच तिला लावणे, युक्त ठरते. कॅन्व्हासवरील तैलचित्रास सामान्यतः अशी पट्टी नसते; तेव्हा हे विवेचन जलरंगचित्रे, रेखाटने, मुद्राचित्रे, लघुचित्रे आणि छायाचित्रे ह्यांपुरते मर्यादित आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार. पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेस मराठीत 'समास' म्हणतात. हाच शब्द व्याकरणात पदांच्या जोडणीस लावला जातो, आणि 'दासबोधा'त प्रत्येक दशकाच्या दहा पोटविभागांनाही तेच नाव आहे. तेव्हा एकच शब्द एके ठिकाणी जोडणी, दुसऱ्या ठिकाणी विभाग आणि तिसऱ्या ठिकाणी कड दर्शवितो. ह्या तीन अर्थांपैकी कोणता कोणापासून निघाला हा कोशकाराचा प्रश्न झाला. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, वेगळे करणे आणि जोडणे ही दोन्ही कार्ये मराठी वाचकाच्या मनात ह्या एका शब्दाभोवती वावरत असतात. चित्राभोवतीची पट्टी नेमकी हीच दोन कार्ये करते. ती चित्राला भिंतीपासून तोडते आणि पाहणाऱ्याशी जोडते.

अरबी, फारसी आणि उर्दू ह्या भाषांत 'हाशिया' हा शब्द आहे. त्याचाही अर्थ कड, किनार. परंतु त्या कडेत लिहिलेल्या टीपेला, किंबहुना संपूर्ण टीकाग्रंथालाही, हेच नाव दिले जाते. समासात सीमेची कल्पना प्रधान आहे, तर हाशियात सीमेबरोबर भाष्याचीही आहे. चित्राभोवतीच्या पट्टीचे स्वरूप समजण्यास हे दोन शब्द मिळून पुरेसे होतात. पट्टी हा समास आहे, कारण ती मोकळी जागा आहे. आणि ती हाशिया आहे, कारण ती मोकळी जागाही मुकी नसते.

पाश्चात्त्य सौंदर्यविचारात चौकटीवर जे लिहिले गेले ते ह्या पट्टीला पूर्णपणे लागू पडत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस काण्टने चित्राची चौकट, पुतळ्यावरील वस्त्र आणि प्रासादाभोवतीचे स्तंभ ह्यांना कलाकृतीच्या बाहेरील अलंकरणात गणले. हे अलंकरण स्वतःच्या आकाराने सौंदर्यात भर घालीत असेल तर ते ग्राह्य; सोनेरी चौकटीप्रमाणे केवळ आकर्षणासाठी जोडलेले असेल तर ते अस्सल सौंदर्यास बाधक, असा त्याचा अभिप्राय होता. गेओर्ग झिमेल ह्याने १९०२ साली चौकटीवर स्वतंत्र निबंध लिहिला. कलाकृती हे स्वयंपूर्ण विश्व असून चौकट तिला भोवतालच्या जगापासून बेटासारखी अलग ठेवते, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे १९६९ साली मायर शापिरो ह्याने दृश्य चिन्हांच्या विवेचनात असे दाखविले की, चौकट ही चित्रातील अवकाशापेक्षा पाहणाऱ्याच्या अवकाशाशी संबद्ध असते.

हे तिन्ही विचार चौकटीसंबंधी आहेत. चौकट लाकडाची, उंचवट्याची. ती भिंतीच्या आणि घराच्या जगातील वस्तू आहे. पट्टी मात्र चित्राप्रमाणेच कागदाच्या जातीची, सपाट आणि चित्राला प्रत्यक्ष भिडलेली असते. काचेच्या आत ती चित्राबरोबर नांदते. म्हणून पाहणारा चौकटीला सहज वगळू शकतो, तसा पट्टीला वगळू शकत नाही. चौकट ग्रंथाच्या बांधणीसारखी आहे, तर पट्टी पानाच्या समासासारखी. बांधणी बदलल्याने पाठ बदलत नाही. समास कापला तर पाठावरील टीपा, दुरुस्त्या आणि पत्रांक जातात.

३

पट्टी ही भाष्य असते, ह्या विधानाला इतिहासात भक्कम आधार आहेत. जॉर्जो व्हासारी (१५११–१५७४) ह्याने इटालियन कलावंतांची रेखाटने जमवून मोठ्या पानांवर चिकटविली आणि प्रत्येकाभोवती स्वतः वास्तुरूप चौकटी रेखाटल्या. त्याच्या संग्रहातील एक पान पॅरिसच्या एकोल दे बोझार येथे आहे. त्यावरील रेखाटन चिमाबूए ह्या तेराव्या शतकातील चित्रकाराचे आहे अशी व्हासारीची समजूत होती. म्हणून त्याभोवती त्याने गॉथिक धाटणीची कमान काढली. एर्विन पानोफ्स्की ह्याने १९३० साली ह्या एका पानावर विस्तृत निबंध लिहून दाखविले की, गॉथिक शैलीविषयी उघड अनादर बाळगणाऱ्या व्हासारीने येथे त्या शैलीला तिच्या काळाची भाषा म्हणून मान्यता दिली. आज ते रेखाटन चिमाबूएचे मानले जात नाही. कर्तृत्वाचा निर्णय चुकला. पण चित्राला त्याच्या काळाच्या भाषेत वाचले पाहिजे हे तत्त्व त्या कमानीत नोंदलेले राहिले. व्हासारीने जे ग्रंथात कोठे सरळ लिहिले नसते, ते त्याने कडेला रेखाटून सांगितले.

पिएर-झां मारिएत (१६९४–१७७४) ह्या फ्रेंच संग्राहकाची पद्धत वेगळी होती. त्याने आपल्या रेखाटनांना निळ्या कागदाची पट्टी, तिच्यावर बारीक रेघा व सोनेरी किनार आणि खाली कलावंताच्या नावाची नक्षीदार पाटी अशी एकसारखी योजना केली. त्याचा संग्रह १७७५-७६ च्या लिलावात विखुरला गेला. आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली ती रेखाटने त्या निळ्या पट्टीवरून ओळखता येतात. संग्राहकाने चित्रासाठी केलेली पट्टी पुढे चित्राच्या वंशावळीचा पुरावा झाली. म्हणूनच जुनी पट्टी विटली वा काळवंडली असली तरी ती फेकून देण्यापूर्वी पाहून घेणे, हा अभ्यासकाचा प्राथमिक धर्म ठरतो.

भारतीय उदाहरण मोगल मुरक्क्यांचे आहे. मुरक्का म्हणजे निरनिराळी चित्रे आणि सुलेखनाचे नमुने एकत्र करून बांधलेला संग्रह. जहांगीराच्या (कारकीर्द १६०५–१६२७) आश्रयाने सिद्ध झालेला गुलशन मुरक्का तेहरानच्या गुलिस्तान प्रासादाच्या ग्रंथालयात आहे. अशा मुरक्क्यात वेगवेगळ्या काळांची, आकारांची आणि देशांची चित्रे एकाच मापाच्या पानावर आणावयाची असत. हे काम हाशियाने केले. त्यासाठी प्रसंगी चित्राच्या कडा छाटल्या गेल्या किंवा नव्याने रंगवून वाढविल्या गेल्या. हाशियात सोनेरी वेलबुट्टी, फुलझाडे, कामात गढलेले कारागीर, इतकेच नव्हे तर युरोपीय मुद्राचित्रांवरून उतरविलेल्या आकृतीही आढळतात. येथे पट्टी चित्राशी स्पर्धा करण्याइतकी संपन्न आहे. तरीही ती खटकत नाही, कारण मुरक्का हातात धरून, पान उलटीत, निवांतपणे पाहण्याची वस्तू होती. आणि मूळ ग्रंथाबरोबर टीका वाचण्याची सवय असलेल्या वाचकासाठी ती सिद्ध झाली होती.

ह्या तीन उदाहरणांचा निष्कर्ष असा की, पट्टी साधी असावी की नक्षीदार, रंगीत असावी की पांढरी, ह्याचा सार्वकालिक नियम नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी निवडीमागे चित्राविषयीचे एक निश्चित मत आहे. मताशिवाय केलेली निवड हीच खरी सदोष निवड होय.

४

आजच्या प्रचारातील सर्वांत रूढ सल्ला असा : चित्रात जो रंग थोडा पण ठळक आहे तो हेरावा आणि त्याच रंगाची पट्टी घ्यावी. दुहेरी पट्टी असेल तर आतील अरुंद पट्टीसाठी तरी तो रंग वापरावा. ह्या सल्ल्याने चित्र आणि पट्टी ह्यांत मेळ साधतो असे मानले जाते. परंतु भाषेच्या अभ्यासकाला ह्यातील धोका सहज कळावा. वाक्यातील एखादे पद वाक्याबाहेर पुन्हा उच्चारले की आघात त्या पदावर जातो. निसर्गचित्रात एका स्त्रीच्या लुगड्याचा लाल ठिपका आहे. चित्रकाराने तो दूरच्या शेताच्या हिरव्या विस्ताराला उत्तर म्हणून ठेवला आहे. पट्टी लाल केली की तो ठिपका वाक्यातील कर्ता होतो आणि शेत पार्श्वभूमीला जाते. चित्रकाराने एकदाच उच्चारलेले पद पट्टीने चारही बाजूंनी चार वेळा उच्चारले.

ह्या परिणामाचे शास्त्र मिशेल अझेन शेव्ह्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. गोबलँ येथील विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख असताना, काही रंग फिके पडल्याच्या तक्रारींचे मूळ रंगद्रव्यात नसून शेजारच्या रंगात आहे, असे त्याच्या लक्षात आले. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना परस्परविरोधी छटांकडे ढकलतात. तांबड्याशेजारचा करडा हिरवट दिसतो. गडद पार्श्वभूमीवरील करडा उजळ आणि फिक्या पार्श्वभूमीवरील तोच करडा काळपट भासतो. शेव्ह्रलने ह्याच ग्रंथात चित्रांच्या चौकटींच्या रंगाचाही स्वतंत्र विचार केला आहे, हे सूचक आहे. पट्टी चित्राला स्पर्श न करता त्याचे रंग बदलते, हे अशा रीतीने केवळ अभिरुचीचे मत न राहता दृष्टिविज्ञानाचा नियम ठरतो.

मग पांढरी पट्टी तरी तटस्थ आहे काय? तीही नाही. विसाव्या शतकातील कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीने पांढऱ्या पट्टीला प्रतिष्ठा दिली. ती भिंतच एक विचारसरणी आहे, हे ब्रायन ओडोहर्टी ह्याने १९७६ च्या आपल्या लेखमालेत दाखवून दिले. प्रत्यक्ष पाहण्याच्या पातळीवरही पांढरा हा एक रंग नसून अनेक रंग आहेत. १८५० साली प्रचारात आलेल्या अल्ब्युमेन कागदावरील छायाचित्रांचे उदाहरण घ्यावे. अंड्यातील पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या ह्या कागदातील उजळ भाग कालांतराने पिवळट होतात. त्याभोवती शुभ्र पुठ्ठा बसविला की आकाश मळलेले, वस्त्रे जुनाट आणि चेहरे निस्तेज दिसू लागतात. पाहणारा म्हणतो, छायाचित्र खराब झाले आहे. तेच छायाचित्र त्याच्या सर्वांत उजळ भागापेक्षा किंचित गडद अशा हस्तिदंती पट्टीत ठेवले तर त्याचा प्रकाश परत येतो. ह्यावरून एक व्यवहार्य नियम निघतो : पट्टीचा पांढरेपणा चित्रातील सर्वांत पांढऱ्या जागेवर मात करणारा नसावा. शुभ्रतेचा अखेरचा शब्द चित्राचाच राहिला पाहिजे.

छायाचित्रणाच्या इतिहासात पट्टीचे हे भाष्य फार स्पष्टपणे वाचता येते. १९०० च्या सुमारास एफ. हॉलंड डे आणि त्याच्या वर्तुळातील छायाचित्रकार आपल्या प्रतींमागे निरनिराळ्या छटांचे कागद एकावर एक, कडा थोड्या थोड्या दिसतील असे, लावीत. छायाचित्र हे यंत्राचे उत्पादन नसून रेखाटनाच्या तोडीची कलाकृती आहे, असा दावा त्या थरांतून केला जात होता. पुढच्या पिढीतील अॅन्सेल अॅडम्ससारख्यांनी साध्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रत चिकटवून खाली पेन्सिलीने सही करण्याची पद्धत स्वीकारली; तिचा दावा उलटा होता, छायाचित्राला दुसऱ्या कलेची उसनी वस्त्रे नकोत. दोन्ही दावे ज्या पुठ्ठ्यावर नोंदले गेले, तो पुठ्ठा कापून टाकणे म्हणजे वादातील एक बाजू खोडून टाकणे होय.

५

रंगानंतर मापाचा प्रश्न येतो. पट्टीची रुंदी ही चित्रवाचनातील विरामाची लांबी आहे. फार अरुंद पट्टीत चौकटीचा लाकडी आवाज चित्राच्या आरंभावर आदळतो. फार रुंद पट्टीत चित्राला एक प्रकारचे गांभीर्य येते. लहानशा कोरीव मुद्राचित्राला ते साजते, कारण त्याच्याजवळ जाऊन ते वाचावे लागते, पण घरगुती आनंदाच्या छायाचित्राला तेच गांभीर्य जड होते. पट्टी आणि चौकट ह्यांची रुंदी सारखी असणे टाळावे, हा कारागिरांचा नियमही विरामाच्याच तत्त्वावर उभा आहे. सारख्या रुंदीचे दोन पट्टे लागून आले की डोळा त्यांचा ताल मोजू लागतो आणि चित्रापर्यंत उशिरा पोहोचतो. खालची बाजू वरच्या बाजूहून थोडी अधिक रुंद ठेवण्याची जुनी रीतही अशीच सकारण आहे. भूमितीतील मध्यापेक्षा दृष्टीचा मध्य किंचित वर असतो. चारही बाजू समान ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते.

ह्या सर्वांहून निर्णायक प्रश्न खिडकीचा आहे. चित्र मागून निसटू नये म्हणून खिडकीची कड चित्रावर चारही बाजूंनी काही मिलिमीटर चढविली जाते. एवढ्याशा पट्ट्यात काय झाकले जाते, ह्याचा विचार दुकानात होत नाही. मुद्राचित्राच्या खाली कलावंताची सही आणि प्रतिक्रमांक असतो. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईत स्थापन केलेल्या आणि पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे गेलेल्या छापखान्याच्या चित्रांवर खालच्या समासात छापखान्याचे नाव छापलेले आढळते. घरोघरच्या तसबिरींत तो समास पुष्कळदा कापलेला वा झाकलेला असतो. देवतेच्या दर्शनाला तो आवश्यक नव्हता, हे खरे. पण कोणत्या छापखान्याने, कोणत्या अवस्थेत हे चित्र काढले हे ठरविण्याचा हमखास पुरावा त्याबरोबर जातो. आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या छायाचित्रांची छाटणी होऊ देत नसे आणि संपूर्ण चौकट घेतल्याची खूण म्हणून प्रतीभोवती बारीक काळी रेघ ठेवीत असे. ती रेघ खिडकीखाली दडविणारी पट्टी छायाचित्रकाराच्या विधानाचा शेवटचा शब्द गिळते.

ह्याला उपाय आहे. चित्राची कड महत्त्वाची असेल तेथे खिडकी चित्राहून मोठी कापावी आणि संपूर्ण कागद, त्याच्या असमान कडांसह, मागच्या पुठ्ठ्यावर मोकळा दिसू द्यावा. हातकागदावरील चित्रांना ही पद्धत विशेष अनुरूप आहे.

पट्टीची मर्यादा कोठे येते हे वारली चित्रांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. पालघट देवी ह्या चौकात असते. चौकाची नक्षीदार किनार ही शोभेची कड नव्हे. ती पवित्र जागेची सीमा आहे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी ह्यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) ह्यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकाराचे कर्तृत्व जगापुढे आले. भिंत सुटली आणि पट्टीचा प्रश्न उभा राहिला. चौकाच्या चित्राला नक्षीदार किंवा रंगीत पट्टी दिली की एका सीमेभोवती दुसरी सीमा येते आणि मूळ सीमेचे कार्य पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो दोहोंनाही सजावट समजतो. उलट, तारपा नृत्य, शेती वा मासेमारी ह्यांची चित्रे अनेकदा कागदाच्या कडेपर्यंत पसरलेली असतात. त्यांना खिडकीत कोंडले तर भिंतीची विस्तीर्णता संपते आणि एक आटोपशीर दृश्य उरते. दोन्ही प्रकारांत कागद पूर्ण दाखविणारी, अनलंकृत आणि गेरूच्या रंगाशी स्पर्धा न करणारी योजना हीच न्याय्य होय. येथे पट्टीने कमीत कमी बोलणे हेच तिचे उत्तम भाष्य आहे.

६

आतापर्यंतचा विचार अर्थाचा झाला. परंतु पट्टीचे मूळ कार्य भौतिक आहे, आणि ते बिघडले तर अर्थाला आश्रयच उरत नाही. पट्टी चित्राला काचेपासून दूर ठेवते. नेहमीचा पुठ्ठा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा असतो. एवढे अंतर बहुधा पुरते. हे अंतर नसेल तर दमट हवेत छायाचित्रावरील जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो आणि काचेला चिकटतो. कोकणात आणि मुंबईत, जेथे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते, तेथे हा धोका विशेष आहे. असे चिकटलेले छायाचित्र ओढून काढताना प्रतिमेचे तुकडे काचेवर राहतात.

दुसरा धोका पुठ्ठ्याच्या द्रव्याचा. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे स्वस्त पुठ्ठा कालांतराने आम्लधर्मी होतो. खिडकीचा तिरका काप आरंभी पांढरा असतो, तो पिवळा आणि मग तपकिरी होतो. त्यापाठोपाठ चित्रावरही खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. ही रेघ चित्रावरील भाजल्याचा डाग आहे आणि तो सहसा पूर्णपणे निघत नाही. यास्तव कापसाच्या तंतूंचा किंवा लिग्निन काढून टाकलेला पुठ्ठा वापरणे अवश्य आहे. अशा पुठ्ठ्यात आम्लाचा प्रतिकार करण्यासाठी पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते. ते बहुतेक चित्रांना हितकर असले तरी निळ्या सायनोटाइप छायाचित्रांना अपायकारक ठरते, कारण अल्कधर्मी सान्निध्यात त्यांचा निळा रंग उडतो. म्हणजे द्रव्याच्या बाबतीतही सर्वांना लागू पडणारी एकच पट्टी नाही. चित्राची जात ओळखल्यावाचून निवड होऊ शकत नाही. चित्र पुठ्ठ्याला सरसकट चिकटवू नये, तर जपानी कागदाच्या लहान पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने वरच्या कडेला टांगावे, हाही नियम ह्याच तत्त्वाचा भाग आहे. खळ पाण्याने सुटते. आजचा निर्णय उद्याच्या अभ्यासकाला मागे घेता आला पाहिजे.

येथे अर्थविचार आणि द्रव्यविचार एकत्र येतात. पाठसंपादनाच्या क्षेत्रात संपादकाला आपला पाठ निवडण्याचा अधिकार असतो, पण नाकारलेले पाठ नष्ट करण्याचा नसतो. ते तळटीपेत राहतात. पट्टीची निवड करणाऱ्यालाही हीच शिस्त लागू आहे. त्याने आपले वाचन मांडावे, परंतु दुसऱ्या वाचनाची शक्यता बुजवू नये.

७

ही शिस्त केवळ संग्रहालयांसाठी नाही. महाराष्ट्रातील शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये, नाटकमंडळ्या आणि घरे ह्यांमध्ये जुनी समूहछायाचित्रे आहेत. त्यांची रचना ठरलेली असे : मधोमध छायाचित्र, भोवती रुंद पुठ्ठा, वर संस्थेचे नाव व वर्ष, आणि खाली बसलेल्यांची व उभ्या असलेल्यांची डावीकडून उजवीकडे नावे. त्याचप्रमाणे एकोणिसाव्या शतकातील लहान आकाराच्या व्यक्तिचित्रांच्या पुठ्ठ्यावर, समोर किंवा मागे, छायाचित्रकाराचे नाव आणि गाव छापलेले असे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ इतक्या लवकर स्थापन झाली होती. पण त्या काळच्या कामाचा माग काढण्यास आज ज्या साधनांचा उपयोग होतो त्यांत हे छापील पुठ्ठे महत्त्वाचे आहेत.

पुठ्ठा काळवंडला, कड कुरतडली गेली, वाळवीने एखादा कोपरा खाल्ला, की छायाचित्र नवीन तसबिरीसाठी दिले जाते. कारागीर आपल्या परीने योग्य तेच करतो. खराब पुठ्ठा कापून टाकतो, चेहरे तेवढे राखतो आणि स्वच्छ, नवी, शोभिवंत पट्टी बसवितो. तसबीर पूर्वीपेक्षा देखणी होते. फक्त पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारी ओळ गेलेली असते. ज्यांना ते चेहरे ओळखता येत होते ती पिढी असेतो ह्या हानीचा पत्ता लागत नाही. ती गेली की ते छायाचित्र एका संस्थेच्या इतिहासाचे साधन न राहता जुन्या काळच्या फेट्या-पगड्यांचा नमुना होऊन बसते. व्यक्तिचित्राभोवती लंबगोल खिडकी कापण्याच्या हौसेनेही असेच होते. चेहरा उठून दिसतो, पण खुर्ची, तिवई, हातातील पुस्तक आणि मागचा रंगविलेला पडदा ही त्या माणसाने स्वतःविषयी केलेली विधाने झाकली जातात. लंबगोल पट्टी निदान काढता येते. कापलेला पुठ्ठा परत येत नाही.

म्हणून पट्टीच्या निवडीचा क्रम प्रचलित क्रमाच्या उलट असला पाहिजे. भिंत, खोली आणि चौकट ह्यांचा विचार शेवटी करावा. आरंभी चित्राच्या चारही कडा, त्याची पाठ आणि जुना पुठ्ठा वाचावा; त्यावर जे लिहिलेले, छापलेले असेल ते उतरवून घ्यावे, आणि ते चित्राचा भाग आहे की नाही ह्याचा निर्णय करावा. नंतर द्रव्य ठरवावे, त्यानंतर खिडकी, मग रुंदी आणि सर्वांत शेवटी रंग. ह्या क्रमाने गेले असता रंगाचा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो, कारण तोपर्यंत चित्राचे वाचन पूर्ण झालेले असते.

विद्यापीठीय विभागांच्या भिंतींवर आणि कपाटांत अशी छायाचित्रे असतात. त्यांची दुरुस्ती कार्यालयीन खर्चाची बाब म्हणून उरकली जाते आणि हस्तलिखिताच्या एका पत्रासाठी घेतली जाणारी काळजी त्यांच्या वाट्याला येत नाही. हस्तलिखिताच्या समासातील टीप वाचल्यावाचून त्याचा पाठ सिद्ध झाला असे कोणी म्हणत नाही. छायाचित्राच्या समासालाही तोच न्याय लावावयास हवा. त्याच्याभोवतीची पट्टी पुढच्या वेळी बदलली जाईल तेव्हा ती कापणाऱ्याच्या हाती कात्री देण्यापूर्वी कोणीतरी ती वाचलेली असावी, एवढीच ह्या विवेचनाची व्यावहारिक अपेक्षा आहे.